तुरळक ठिकाणी

फोन कोणाचाही असो, बोरसे भाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "तुम्ही कुठे उभे आहात?" समोरचा नाव सांगत असो, शिव्या देत असो की रडत असो, आधी उभे कुठे आहात ते सांगायचं. एकदा शहाद्याकडचे एक आप्पा तावातावाने ओरडत होते, "आभाय एकदम साफ शे, तुमना अलर्ट खोटा शे!" भाऊंनी शांतपणे विचारलं, "आप्पा, कोठे उभा शेतस?" आप्पा म्हणाले, "घरमा." "घरमा? मंग तुमी माले आभाय सांगी ऱ्हायनात का पत्रा सांगी ऱ्हायनात?" आप्पांनी जी शिवी दिली ती मला शेजारच्या टेबलावर ऐकू आली. भाऊंनी फोन ठेवला आणि म्हणाले, "ताई, ह्या माणसाने अंगणात जाऊन बघायला हवं होतं." त्यांना शिवीचं काही वाटलं नव्हतं, आप्पा अंगणात गेले नाहीत याचं वाटलं होतं.

मी नंदुरबारात एका सरकारी कंट्रोल रूममध्ये कंत्राटी ऑपरेटर आहे. कंत्राट संपत नाही आणि नोकरी पक्की होत नाही, असं माझं वर्षानुवर्षं चाललंय. बोरसे भाऊ आमच्याकडे हवामानाचं बघायचे. हुद्द्याचं नाव इतकं लांबलचक की दारावरची पाटी कोणी पूर्ण वाचलेली नसेल. काम मात्र चटकन सांगता येईल. वरून, म्हणजे हवामानाच्या मोठ्या केंद्रातून, अख्ख्या जिल्ह्यासाठी एक इशारा यायचा. तो आला की भाऊंनी गावोगावच्या मोबाइलवर पाठवायचा: 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस.' आता हे तुरळक ठिकाण कोणतं, ते विचारायची सोय नाही. अहो, आमचा जिल्हा म्हणजे काय एक वावर आहे? वर सातपुडा, धडगाव, तोरणमाळ. खाली तापीकाठची सपाट काळी जमीन. इकडे नवापूरचे डोंगर, आणि तिकडे पार नर्मदेला टेकलेली मणिबेलीसारखी गावं, जिथे आजही होडीतून जावं लागतं. धडगावला गारा पडत असतात तेव्हा नंदुरबारात बायका गच्चीवर पापड उलटे करत असतात. आणि मेसेज सगळ्यांना एकच.

म्हणून रोज शिव्या. पाऊस पडला नाही की, 'खोटारडे.' पडला की, 'एवढा पडणार होता तर नीट सांगायचं होतं.' भाऊ लोकांना समजवायचा प्रयत्न करायचे. मिरचीच्या गावातला माणूस, उदाहरणही मिरचीचंच. "हे बघा, ढिगात काही मिरच्या सडक्या आहेत एवढं मला वरून कळतं. कोणत्या सडक्या, ते ढिगात हात घातल्याशिवाय नाही कळत. आणि आभाळात हात घालता येत नाही." लोक हो हो म्हणायचे. मग विचारायचे, "ते सगळं ठीक, पण आमच्याकडे पडेल का?"

"संशय आहे," भाऊ म्हणायचे.

हा त्यांचा ठेवणीतला शब्द. 'नक्की' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. "भाऊ, डबा आणलाय का?" "संशय आहे, पिशवीत बघायला हवं." "उद्या सुट्टी आहे ना?" "संशय आहे." उंच, काटकुळा माणूस, गालफडं बसलेली, आणि पायात बारा महिने रबरी तळव्याचे जाडजूड बूट. भर उन्हाळ्यात त्या बुटांकडे बघून मलाच घाम फुटायचा. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, तोही जानेवारीत. त्यांच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही ऑफिसचे सगळे शहाद्याजवळच्या त्यांच्या गावी गेलो होतो. मे महिना, मोठा मांडव, नवरीचा मामा म्हणाला, "हवामानवाला घरना माणूस शे, आपले काय भ्याव!" भाऊंनी मांडवाच्या खांबांना हात लावून बघितलं, आणि जेवणाचं ताट घेऊन थेट शाळेच्या पक्क्या ओसरीत जाऊन बसले. एकटे. व्याही बघत होते, नवरीची आई चरफडत होती. "चार लोकांमा नाक कापं ह्यानी," ती म्हणाली. पाऊस आला नाही, वाराही आला नाही, ऊन मात्र असं की मठ्ठा गरम झाला. परत येताना गाडीत मी विचारलं, "काय हो भाऊ, काय मिळालं?" ते म्हणाले, "मांडव पडला नाही म्हणजे पडणार नव्हता असं होत नाही, ताई." अशा माणसाशी वाद घालून उपयोग काय!

बाजारात ते चहा पीत नसत. कोणाचाही नाही. थर्मास घेऊन हिंडायचे. मिरची मार्केटमध्ये चहा नको म्हणणं म्हणजे हातातला हात झटकण्यासारखं. लोकांना लागायचं. कोणी म्हणे गर्विष्ठ, कोणी म्हणे जातीचं काही, कोणी म्हणे पोट बिघडलेलं. मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, "आज चहा घेतला की उद्या विचारतात, साहेब, परवाचं काय? मग मी काही नाही बोललो तरी माझं तोंड बघून अंदाज बांधतात." मला ते पटलं, पण अर्धवटच. आमच्या सासूबाईंचं मत असं की इतकं जपून वागणारा माणूस काहीतरी झाकून ठेवत असतो. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं.

आता पथारीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं. आमच्या नंदुरबारात ओली लाल मिरची बाजारात येते आणि व्यापारी ती विकत घेऊन मोकळ्या मैदानावर वाळत घालतात. त्या मैदानाला पथारी म्हणायचं. हिवाळ्यात गावाबाहेर गेलात तर नजर जाईल तिथवर जमीन लाल. डोळे चुरचुरतात, नवीन माणूस शिंकून बेजार होतो. त्या लाल मैदानात डोंगरातून आलेल्या बाया ओळीने बसून मिरच्या निवडतात, देठ खुडतात. ना झाड, ना आडोसा. लांब कडेला एक गोडाऊन असतं, पक्कं. जेवायला बाया तिथे जातात. आमच्या थोरल्या जेठांची, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाची, दादांची, अशी एक पथारी आहे. त्यामुळे आमच्या घरात पावसाचं नाव निघालं की जेवणाची चव जाते. "तुन्हा साहेबले विचार," दादा मला रोज म्हणायचे, "आज काढू का नको?" मी म्हणायचे, "ते संशय आहे म्हणतील." "त्याना संशयनं लोणचं घाल," दादा म्हणायचे.

पाऊस आला की पथारीवर एकच धावपळ. मिरची ओढून ढीग करायचे, वर ताडपत्री, कडेला दगड. मिरची भिजली तर काळी पडते, मग तिला कोणी विचारत नाही. भिजलेल्या मालाची मजुरी कापायची पद्धत सगळ्याच पथाऱ्यांवर आहे. म्हणून बाया जिवाच्या आकांताने धावतात.

एका हिवाळ्यात, अवकाळीच्या दिवसांत, दुपारी इशारा आला. भाऊंनी नेमाने पाठवला. मेसेजमध्ये जे लिहितात तेच लिहिलं होतं, मोकळ्या मैदानात थांबू नका, वगैरे. दुपारी साडेतीनच्या सुमारास गावाबाहेरच्या एका पथारीवर वीज पडली आणि सायकी नावाची बाई गेली. धडगावकडची. पंचनाम्याला भाऊही गेले होते. परत आले तेव्हा बूट चिखलाने माखलेले. थर्मास उघडला, चहा कपात ओतला आणि तसाच ठेवून दिला.

"ताई," ते म्हणाले, "त्या सगळ्या गोडाऊनमध्ये होत्या."

मला कळलं नाही. "कोण?"

"बाया. जेवत होत्या. पक्क्या भिंतीत. शेठच्या मोबाइलवर माझा मेसेज आला. त्याने हाक मारली, उठा गं, पाणी येतंय, झाका. म्हणून त्या मैदानात आल्या." ते कपाकडे बघत होते. "मी मेसेज पाठवला नसता तर ती जेवत राहिली असती."

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही काय चुकीचं केलं? मैदानात थांबू नका असंच लिहिलं होतं ना?"

"लिहिलं होतं. पण इथे ते कसं वाचतात ते मला माहीत नव्हतं का? मी काय परगावचा आहे?"

त्यानंतर भाऊ बदलले. आधी आभाळावर संशय होता, लोकांच्या सांगण्यावर होता, आता स्वतःच्या मेसेजवर आला. पाठवायचं बटण दाबायच्या आधी त्यांचा अंगठा हवेत थांबायचा. वरच्या साहेबांना त्यांनी विनंती केली की पथाऱ्यांना वेगळा इशारा देऊ, लवकर देऊ. साहेब म्हणाले, "वरून आल्याशिवाय आपण काही द्यायचं नाही. उद्या चुकला तर कोण निस्तरणार?" आणि साहेबांचंही अगदीच चूक नव्हतं. ढग जितका लांब तितका अंदाज कच्चा. तीन तास आधी सांगायला जाल तर दहादा तोंडावर पडाल. आमच्यापासून रडार लांब, डोंगराआडचं त्याला उशिरा दिसतं. हे भाऊंनीच मला शिकवलेलं.

आणि मग ते फोन सुरू झाले.

आभाळ कोंदलं की भाऊ स्क्रीनवरच्या चित्राकडे बराच वेळ टक लावून बसायचे. वरून इशारा यायला अजून अवकाश असायचा. मग उठायचे, मागच्या व्हरांड्यात जायचे, पिशवीतून स्वतःचा मोबाइल काढायचे आणि हळू आवाजात बोलायचे. चार वाक्यं. परत येऊन पुन्हा स्क्रीनसमोर बसायचे. मी कान दिला. कान द्यायचा नाही तर काय करायचं, व्हरांडा माझ्या खिडकीला लागून होता! एकदा ऐकू आलं, "हा, झाका. आत्ताच झाका. कोणाला सांगू नका मी सांगितलं म्हणून."

हा चहा न पिणारा माणूस! मार्केटमध्ये कुजबूज चालूच होती. ज्या दिवशी भाऊ व्हरांड्यात जायचे, त्या दिवशी इशारा निघायच्या बऱ्याच आधी पथाऱ्यांवर ताडपत्र्या पडायच्या. आणि ताडपत्र्या पडल्या की बाजारात ओल्या मिरचीचा भाव पडायचा. वाळवायला ऊन नाही तर व्यापारी कशाला चढा भाव देईल? गाडी घेऊन आलेले शेतकरी बघत राहायचे. 'सरकारचा अलर्ट यायचाय आणि ह्यांना आधीच कसं कळतं?' प्रश्न रास्त होता. मलाही तोच पडला होता. घरी दादांना विचारलं, "तुम्हाला कोणी आधी सांगतं का?" दादा चिडले. "माले कोण सांगस? मी पथारीवर जास तव्हय ताडपत्री पडेल ऱ्हास! मन्हाच माल, अन माले इचारानं नही!" म्हणजे दादांच्या पथारीवरही कोणीतरी दादांना न विचारता झाकापाक करत होतं. हे तर आणखीनच गूढ. मला आता दादांचाही संशय यायला लागला. घरात बाईमाणसाला काय खरं सांगतात?

एका रविवारी मी डबा द्यायच्या निमित्ताने दादांच्या पथारीवर गेले आणि मुकादमीण मोगीबाईला गाठलं. मोगीबाई सगळ्या बायांची म्होरकी, आवाज खणखणीत, तोंडात कायम सुपारी. म्हटलं, "बाई, ताडपत्री कोण टाकायला सांगतं?" ती आधी हसली. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "बूटवाला साहेब. फोन करतो. सांगतो, ढग लांब आहे तेव्हाच झाक, जवळ आला की सगळ्या भिंतीत बसा, बाहेर पाय नाय काढायचा. माल झाकलेला असला तर शेठ हाक कशाला मारेल?" आणि मग म्हणाली, "सायकी माझ्या मावशीची पोर होती."

मी परत आले. दुसऱ्या दिवशी भाऊंना म्हटलं, "मला कळलंय." त्यांनी 'काय' असं विचारलंही नाही. म्हणाले, "सगळ्या पथाऱ्यांच्या मुकादमांचे नंबर आहेत माझ्याकडे. मालकांना नाही करत. मालक विचारतो, नक्की का? मुकादमीण विचारते, किती वेळ आहे?"

"आणि चुकलं तर?"

"बऱ्याचदा चुकतं. मग त्या ताडपत्री काढतात आणि मला शिव्या घालतात. भिल्ली बोलीतल्या काही आता मला समजतात."

"भाऊ, पण तुमच्या फोनने भाव पडतो हे तर खरं ना?"

"खरं आहे."

"शेतकऱ्याचं नुकसान होतं."

"होतं." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "भाव नंतर चढतो, ताई." आणि ते कामाला लागले. मला राग आला होता. कारण माझ्या माहेरी मिरची पिकते, आणि भाऊंना सोपं उत्तर मिळालं की काय असं वाटत होतं. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. सोपं काही नव्हतं त्या चेहऱ्यावर.

तक्रार झाली. होणारच होती. निनावी नव्हती, चांगल्या पाच-सहा शेतकऱ्यांच्या सह्यांची होती. साहेबांच्या केबिनमध्ये सगळे बसले, मला पाणी द्यायच्या नावाखाली आत राहता आलं. एक नाना उभे राहिले. "अलर्टच्या आधीच पथारीवर ताडपत्र्या पडतात. आम्ही डोळ्यांनी बघतो. ह्यांच्यातलं कोणीतरी व्यापाऱ्यांना विकतंय."

"पडतात," भाऊ म्हणाले. "मीच सांगतो."

असा कबूल करणारा चोर कोणी बघितला नव्हता.

"कोणाला सांगता?" साहेबांनी विचारलं.

"मजुरांना. मुकादमिणींना."

नाना मोठ्याने हसले. "मजुरास्ले! साहेब, मजुरास्ले कोणी फोन करस का? आमले समजस नही का? मुकादमीण कोणनी? शेठनी. मंग शेठलेच सांगा ना!"

भाऊंनी सायकीचं सांगितलं. सगळं सांगितलं, जेवणाचं, हाकेचं, मेसेजचं. मी तेव्हा नानांच्या तोंडाकडे बघत होते. ऐकत होते ते. वाईटही वाटलं त्यांना. पण वाईट वाटून झाल्यावर त्यांचे डोळे पुन्हा बारीक झाले. "बाई वारली हे खरं," ते म्हणाले. "पण भाव पडला हेही खरं. आन दोन्हीमा फायदा कोणना व्हयना? व्यापारीना." साहेबांनी तिथल्या तिथे लेखी ताकीद दिली: वरून इशारा आल्याशिवाय कोणालाही, कसल्याही मार्गाने, काहीही कळवायचं नाही. पुन्हा तक्रार आली तर चौकशी आणि बदली. भाऊंनी सही केली. व्हरांड्यात जाणं बंद झालं. पथाऱ्यांवर आता ताडपत्र्या वेळेवर, म्हणजे गडगडाट कानावर आल्यावर पडू लागल्या. लोक खूश. 'बघा, आता कसे सरळ झाले.'

मार्चमधली ती दुपार. सकाळपासून आमच्या जिल्ह्याला पिवळा इशारा होताच, तोच आपला, 'तुरळक ठिकाणी.' सकाळपासून ऊन होतं म्हणून कोणी मनावर घेतला नव्हता. दुपारनंतर नवापूरच्या मागे, गुजरातच्या बाजूने ढग उठला. भाऊ स्क्रीनसमोर उभे होते. बसले नाहीत. "ताई, हा मोठा आहे," ते म्हणाले. एरवी ते 'संशय आहे' म्हणाले असते. ते साहेबांच्या केबिनकडे गेले, साहेब मीटिंगमध्ये. निरोप आला, 'वरून येऊ द्या.' परत आले. घड्याळाकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. मग त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्यासमोरच, व्हरांड्यात न जाता, मोगीबाईला लावला. रिंग वाजत राहिली. मी दादांना लावला. दादा मार्केटमध्ये लिलावात, तिथल्या आरडाओरड्यात काय ऐकू जाणार? दुसऱ्या पथाऱ्यांवरच्या मुकादमिणी भाऊंना एकेक करून लागल्या. मोगीबाई लागेना. नंतर कळलं, फोन गोडाऊनमध्ये तिच्या पिशवीत वाजत होता आणि ती मैदानात होती.

"मी येतो जाऊन," भाऊ म्हणाले.

"भाऊ, ड्यूटीवर आहात तुम्ही! इशारा आला तर पाठवणार कोण?"

"तुम्ही पाठवाल," ते म्हणाले, आणि गेले. मोटारसायकल सुरू झालेली मी ऐकली. खिडकीतून बघितलं तर पश्चिमेकडे आभाळ काळंनिळं झालेलं आणि गावात मात्र अजून ऊन.

पुढचं मोगीबाईने सांगितलेलं. बूटवाला साहेब मैदानात गाडी घालून आला, मिरची तुडवत. आधी त्याच्यावर सगळ्या ओरडल्या. तो म्हणाला, "सोडा सगळं, आत चला." कोणी उठलं नाही. मोगीबाई म्हणाली, "साहेब, माल उघडा आहे. भिजला तर मजुरी जाते. शेठ बोलला तर उठू." तो म्हणाला, "शेठचं मी बघतो." मोगीबाई म्हणाली, "तुझं काय सांगावं? तू सरकारी. आज आहेस, उद्या नाहीस." हे तिने मला जसंच्या तसं सांगितलं, न लाजता. का लाजावं? त्या बायांचा तरी त्याच्यावर का भरवसा बसावा? त्याचे फोन किती वेळा फुकट गेले होते! तेवढ्यात पहिला गडगडाट झाला. बाया सवयीने उठल्या आणि ताडपत्र्यांकडे धावल्या. तेव्हा साहेबाने मोगीबाईच्या हातातलं ताडपत्रीचं टोक हिसकावून घेतलं. "तुम्ही आत जा," तो ओरडला. "मी झाकतो. एक मिरची भिजली तर माझ्याकडून घ्या. पण जा!"

विजेला घाबरणारा माणूस. लग्नाच्या मांडवात बसायला तयार नव्हता तो.

मोगीबाई म्हणाली, "त्याचं तोंड बघितलं आणि मग मी हाक मारली. सगळ्या पळाल्या."

भाऊ त्या मैदानात एकटे ताडपत्री ओढत राहिले. एकट्याने ती ओढली जात नाही. वाऱ्याने फुगायची, ते तिच्यावर पडायचे, पुन्हा उठायचे. निम्म्याहून जास्त माल भिजला. इकडे वरून इशारा आला आणि मी बटण दाबलं. तोवर आमच्या खिडकीवर पाऊस आपटत होता.

वीज पथारीवर पडलीच नाही. त्या दिवशी ती नवापूरच्या डोंगरात एका ताडाच्या झाडावर पडली, झाड जळालं, माणूस कोणी नाही. नंदुरबारात नुसता गडगडाट आणि पाऊस. म्हणजे भाऊ चुकले म्हणायचं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. दादांनी भिजलेल्या मालावरून घरात आकाशपाताळ एक केलं. "तो सरकारी माणूस मन्ही मिरची तुडाले कसाले येस?" मजुरी मात्र त्यांनी कापली नाही.

रस्त्यावरच्या कोणीतरी त्या दुपारी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो जिल्हाभर फिरला. खाली लिहिलं होतं, 'हवामानवाले साहेब स्वतःच्या हाताने व्यापाऱ्याची मिरची झाकताना पकडले.' ज्यांनी तक्रार केली होती त्यांना आणखी काय हवं होतं? ड्यूटी सोडून गेले, व्यापाऱ्याच्या पथारीवर सापडले, माल झाकताना सापडले. चौकशीत भाऊंना विचारलं, तुम्ही तिथे काय करत होता? ते म्हणाले, "मिरची झाकत होतो." खरंच तर होतं. मी साक्ष द्यायला गेले तर चौकशीवाले म्हणाले, तुमच्या जेठांचीच पथारी ना ती? बसा. मोगीबाईला कोणी बोलावलंच नाही. आठवड्याभरात भाऊंची बदली झाली, कुठे तरी लांब, विदर्भाच्या बाजूला. जाताना भेटले नाहीत. टेबल पुसून, किल्ल्या ठेवून गेले. त्यांचा नंबर आता लागत नाही.

तो व्हिडिओ अजूनही अधूनमधून कोणाच्या तरी ग्रुपवर येतो. परवाच माझ्या भाच्याने पाठवला, खाली हसणारी तोंडं. मी तो पुन्हा उघडून बघितला. मधोमध भाऊ, अंगाला शर्ट चिकटलेला, ताडपत्रीशी झटापट करताहेत. बघणारे सगळे तिथेच बघतात. उजव्या कोपऱ्यात लांबवर गोडाऊनचं दार आहे, पावसात अंधूक दिसतं. व्हिडिओ थांबवून, बोटांनी मोठा करून बघावं लागतं. दारात, उंबऱ्याच्या आत, बाया खेटून उभ्या आहेत, आणि मोगीबाईने दोन्ही हात आडवे धरलेत, कोणी बाहेर पडू नये म्हणून.